घरचं इंटरनेट: आधी तार ओळखा, मग प्लॅन घ्या, राउटर स्वतःचा ठेवा

इंटरनेट घ्यायचं ठरलं की घरात पहिली चर्चा एमबीपीएसची, म्हणजे वेगाची, सुरू होते. शंभरचा घ्यायचा की दोनशेचा? खरं तर हा तिसरा प्रश्न आहे. तुमच्या घरात कोणती तार येते, हा पहिला. ती तार जिथे संपते तो डबा कोणाच्या ताब्यात आहे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं हातात असली की प्लॅन निवडणं दहा मिनिटांचं काम आहे. क्रम उलटा केला तर ३०० एमबीपीएसचं बिल भरूनही आतल्या खोलीत २० मिळतात, आणि लोक कंपनीला फोन करकरून दमतात. बहुतेक वेळा दोष प्लॅनमध्ये नसतोच. तो हॉलमधल्या टीव्हीमागे कोंबलेल्या डब्यात किंवा शंभर रुपयांच्या हलक्या वायरमध्ये असतो.

खिडकीतून आत काय आलंय?

कंपनीचा माणूस "फायबर आहे" म्हणाला म्हणजे घरात फायबर आलं असं समजू नका. तार हातात घेऊन बघा.

चपटी, बारीक, बहुधा काळी केबल, सोबत आधाराची पोलादी तार आणि शेवटी हिरवं चौकोनी टोपण, म्हणजे खरं घरापर्यंतचं फायबर. त्या हिरव्या टोपणाला एससी-एपीसी म्हणतात. निळंही मिळतं, पण हिरव्याच्या जागी निळं खुपसायचं नाही. हिरव्याचं टोक किंचित तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं नसतं. दोन्ही एकमेकांत बसतात खरे, पण टोकं नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

टोकाला पारदर्शक प्लास्टिकची क्लिप असलेली, आत आठ बारीक तारांच्या चार पिळलेल्या जोड्या असलेली जाड वायर म्हणजे लॅन केबल. इथे फायबर इमारतीपर्यंत किंवा गल्लीपर्यंत येतं, आणि जिन्यातल्या किंवा गच्चीवरच्या स्विचपासून (एक लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या डब्यापासून) तुमच्या दारापर्यंत तांबं असतं. मुंबईच्या चाळींत आणि जुन्या सोसायट्यांत हे आजही सर्रास दिसतं. यात वाईट काही नाही, पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. तुमच्या घरी इन्व्हर्टर असला तरी जिन्यातल्या स्विचची वीज गेली की इंटरनेट गेलं. दोन इमारतींमध्ये उघड्यावर ओढलेली लॅन केबल वीज कडाडली की झटका थेट तुमच्या राउटरपर्यंत आणते. आणि तो स्विच जुना असेल तर १०० एमबीपीएसच्या वर काही मिळणारच नाही, प्लॅन कितीचाही घ्या. फायदाही आहे: अशा कनेक्शनला मोडेम (बाहेरच्या तारेतला सिग्नल राउटरला समजेल असा करणारं यंत्र) लागतच नाही, नुसता राउटर पुरतो.

टीव्हीच्या केबलसारखी गोल, जाड, मधे एकच पिन असलेली वायर आली असेल तर ते केबल मोडेमचं, म्हणजे डॉक्सिस पद्धतीचं कनेक्शन. टेलिफोनची दोन तारांची जोडी असेल तर एडीएसएल किंवा व्हीडीएसएल. या दोन्हींसाठी आज नवा पैसा घालू नका. त्याच ठिकाणी फायबर मिळतं का ते आधी विचारा.

चौथा मार्ग बिनतारी. गच्चीवर किंवा गॅलरीच्या कठड्याला एक चौकोनी डबा लावतात, तो ५जी टॉवरशी बोलतो, आणि तिथून एक वायर घरातल्या राउटरला येते. जिओने ही सेवा १९ सप्टेंबर २०२३ ला मुंबई-पुण्यासह आठ शहरांत सुरू केली, एअरटेलही देतं. जिथे फायबर ओढायला सोसायटी परवानगी देत नाही किंवा वाडी-वस्ती मुख्य रस्त्यापासून लांब आहे, तिथे हा चांगला पर्याय. पण टॉवरवर गर्दी वाढली की वेग खाली येतो, आणि महिन्याची डेटा-मर्यादा फायबरपेक्षा कमी असू शकते. फायबर मिळत असेल तर फायबरच घ्या.

चौकशी करताना पुढच्या गल्लीतल्या मित्राला विचारून उपयोग नाही. आपल्याच इमारतीत, शक्य तर आपल्याच जिन्यात ज्याच्याकडे ते कनेक्शन आहे त्याला विचारा. रात्री नऊ ते अकरा वेग किती राहतो? बंद पडलं तर माणूस किती तासांत येतो? गेल्या पावसाळ्यात एकूण किती दिवस बंद होतं? ही तीन उत्तरं कोणत्याही जाहिरातीपेक्षा मोलाची आहेत. लाइनमन लगेच येणारा छोटा स्थानिक ऑपरेटर पुष्कळदा मोठ्या नावापेक्षा सोयीचा पडतो.

प्लॅनमधले आकडे वाचताना

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात, आणि १ जीबीची फाइल यायला साधारण ८० सेकंद लागतात. डाउनलोडच्या खिडकीत "११ एमबी" दिसलं म्हणून फसवणूक झाली असं नाही, तो पूर्ण वेग आहे.

घराची गरज कागदावर मांडा. ४के चित्रपटाला २५ एमबीपीएस धरा, साध्या एचडीला ५, व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशांनी ३ ते ४. समजा दोघं घरून काम करतायत आणि एकाच वेळी कॉलवर आहेत, मुलीचा ऑनलाइन क्लास चालू आहे आणि टीव्हीवर ४के सिनेमा लागलाय. ४ अधिक ४ अधिक ४ अधिक २५, म्हणजे ३७. चार माणसांच्या भरल्या घराला ५० पुरतो आणि १०० मध्ये ऐसपैस होतं. दोघंच ज्येष्ठ नागरिक आहेत, यूट्यूबवर भजनं-बातम्या आणि परदेशातल्या मुलाशी व्हिडिओ कॉल, इतकंच असेल तर ३० किंवा ४० चा प्लॅन भरपूर. अशा घरांना २००-३०० चे प्लॅन गळ्यात मारलेले पाहून वाईट वाटतं. वाचलेल्या पैशातून चांगला राउटर आणि एक नीट वायर आली असती, आणि त्यांचा कॉल खरोखर तुटायचा थांबला असता.

अपलोडचा आकडा वेगळा विचारा. बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये चढता आणि उतरता वेग सारखा असतो, सगळ्यांत नसतो. क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारे कॅमेरे असतील तर हा आकडा महत्त्वाचा. एक कॅमेरा २ एमबीपीएसने चोवीस तास चित्रण पाठवत राहिला तर महिन्याला साधारण ६५० जीबी होतात. "अनलिमिटेड" म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ प्लॅनना ३३०० जीबीची मर्यादा असते. असे पाच कॅमेरे तेवढ्यातच ती जवळजवळ संपवतात. कॅमेऱ्याच्या ॲपमध्ये "हालचाल झाली तरच रेकॉर्ड" हा पर्याय निवडला की हा खर्च पुष्कळच खाली येतो.

कॅमेरे नसलेल्या घराला ३३०० जीबीची काळजी करायचं कारण नाही. दिवसाला ११० जीबी पडतात, आणि ४के चित्रपट तासाला साधारण ७ जीबी खातो. स्थानिक ऑपरेटरांच्या स्वस्त प्लॅनमध्ये मात्र मर्यादा बरीच कमी असू शकते. मर्यादा किती, ती संपल्यावर वेग किती उरतो, आणि महिना कोणत्या तारखेला नव्याने सुरू होतो, हे तीन आकडे व्हॉट्सॲपवर लिहून मागा. मर्यादेनंतर १ एमबीपीएस उरत असेल तर लक्षात घ्या, दूरसंचार विभागाच्या जानेवारी २०२३ च्या व्याख्येप्रमाणे २ एमबीपीएसच्या खालच्याला ब्रॉडबँडही म्हणत नाहीत.

जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी चढतो. ६९९ चे ८२५ होतात, ९९९ चे ११७९. त्यात बसवण्याचा खर्च, डब्याची अनामत आणि ओटीटीची भर धरा. ओटीटी फुकट मिळतं म्हणून वरचा प्लॅन घेऊ नका. ते तुम्ही एरवी स्वतंत्रपणे पैसे देऊन घेतलंच असतं का, एवढंच स्वतःला विचारा.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर एक-दोन महिने फुकट मिळतात. मोठ्या कंपनीकडेही आधी एक महिना वापरून बघा आणि मगच वर्षाचं भरा. छोट्या ऑपरेटरकडे तीन-तीन महिन्यांवरच राहावं. ही नेटवर्कं हात बदलतात, आणि नवा मालक जुनी पावती मानेलच असं नाही.

एक बाब कोणी आपणहून सांगत नाही: पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या घराचा स्वतंत्र पत्ता. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे पत्ते कमी पडतात, म्हणून अनेक ऑपरेटर शेकडो घरांना एकाच पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लाइनचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही त्यात आहात. सिनेमे, कॉल, बँकिंग यांना काही फरक पडत नाही. पण बाहेरून थेट घरच्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याला) जोडायचं असेल, ऑफिस ठरावीक पत्त्यालाच आत घेत असेल, किंवा घरी सर्व्हर चालवायचा असेल तर अडतं. तेव्हा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मिळतो का आणि महिना किती, हे कनेक्शन घेण्याआधी विचारा.

त्या डब्यात एक नाही, तीन यंत्रं असतात

फायबरवाले जो पांढरा डबा भिंतीला लावतात त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यातलं पहिलं यंत्र प्रकाशाचं विजेत रूपांतर करतं. हा खरा "मोडेम". दुसरं राउटर, म्हणजे एका कनेक्शनवर घरातली वीस उपकरणं सांभाळणारं. तिसरं वाय-फाय. पुष्कळ डब्यांत लँडलाइनचं पोर्टही असतं. यातलं पहिलं यंत्र सहसा उत्तम काम करतं. तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्याच्या असतात, कारण फुकट द्यायच्या डब्यात महागडं वाय-फाय कोणी घालत नाही.

म्हणूनच बहुतेक घरांना सल्ला एकच: ऑपरेटरचा ओएनटी तसाच राहू द्या, त्याचं वाय-फाय बंद करा आणि त्यामागे आपला राउटर लावा. ओएनटीचा सिरियल नंबर ऑपरेटरच्या यंत्रणेत नोंदवलेला असतो. तुम्ही बाजारातून दुसरा आणून फायबर जोडलं तर दिवा लुकलुकत राहील, इंटरनेट येणार नाही. जिओसारख्या कंपन्यांकडे त्यांचाच डबा लागतो. शिवाय लँडलाइन आणि टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स पुष्कळदा त्याच डब्यावर चालतात. आणि बिघाड झाला की "तुमचाच डबा खराब आहे" हे उत्तर ऐकावं लागत नाही.

ओएनटीही स्वतःचा घेता येतो तो बीएसएनएलच्या भारत फायबरवर आणि बऱ्याच स्थानिक ऑपरेटरांकडे. महिन्याचं भाडं वाचतं. पण पैसे देण्याआधी ऑपरेटरकडून या गोष्टी विचारून घ्या: लाइन जीपॉन आहे की ईपॉन (फायबरच्या दोन पद्धती), त्यांच्या यंत्रणेवर कोणती मॉडेलं चालतात, नोंदणीसाठी सिरियल नंबर लागतो की मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक, लेबलवर असतो), व्हीलॅन (लाइनमधल्या वेगळ्या वाटेचा) क्रमांक किती, आणि पीपीपीओईचं (ऑपरेटरकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं) युजरनेम-पासवर्ड काय. सायरोटेक, नेटलिंक यांसारखे एक्सपॉन डबे जीपॉन आणि ईपॉन दोन्हींवर चालतात, म्हणून ते सोयीचे. जुन्या बाजारात मोठ्या कंपन्यांचे छाप असलेले ओएनटी चारपाचशेला मिळतात. ते घेऊ नका. ते कुलूपबंद असतात, आणि मुळात ती कंपनीची मालमत्ता असते, विकणाऱ्याची नसते.

अमेरिकेहून येणारे नातेवाईक कधीकधी तिकडचा महागडा "मोडेम" घेऊन येतात. तो केबल टीव्हीच्या वायरवर चालणारा डॉक्सिस मोडेम असतो, इथल्या फायबरला त्याचा काही उपयोग नाही. नुसता राउटर आणला असेल तर चालेल, फक्त ॲडाप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का ते बघूनच प्लगला लावा. १२० व्होल्टचा ॲडाप्टर आपल्या २३० वर जळतो.

राउटर घेताना खोका उलटा करून वाचा

समोर लिहिलेलं सगळं विक्रीसाठी असतं. कामाचं मागे बारीक अक्षरांत असतं.

सगळ्यात आधी पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा. "१०/१००" असं लिहिलं असेल तर खोका परत ठेवा. "१०/१००/१०००" किंवा "गिगाबिट" पाहिजे, आणि वॅन (बाहेरची लाइन) व लॅन (घरातल्या वायरी) दोन्हींवर. आजही दोन बँडचे (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरी-पट्ट्यांचे), चार अँटेनांचे, दिसायला झोकदार राउटर १०० एमबीपीएसच्या पोर्टांनिशी विकले जातात. त्याच्यावर २०० चा प्लॅन लावला की स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन थबकते, दिवस असो की रात्र. हा आकडा लक्षात ठेवा. ९४ दिसलं की कुठेतरी १०० चं पोर्ट आहे, नाहीतर केबलच्या आठांपैकी चारच तारा लागलेल्या आहेत.

मग वाय-फाय. आज नवा घ्यायचा तर वाय-फाय ६, म्हणजे नावात "एएक्स" असलेला. एएक्स१५०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० एमबीपीएस आणि ५ वर १२००, यांची बेरीज. एएक्स३००० म्हणजे ५७४ अधिक २४०२. एक फोन एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कोणालाच मिळत नाही, आणि प्रत्यक्षात त्या बँडच्या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास वेग येतो. १०० ते २०० च्या प्लॅनला आणि दोन बेडरूमच्या घराला एएक्स१५०० पुरतो. ३०० च्या वर किंवा घरात तीसेक उपकरणं असतील तर एएक्स३०००. किमती वरखाली होतात, पण साधारण अडीच ते साडेतीन हजारांत पहिला आणि साडेतीन ते साडेपाच हजारांत दुसरा बसतो.

अँटेना मोजू नका. किती जोरात प्रक्षेपण करायचं यावर सरकारी मर्यादा आहे, सहा अँटेनांचा राउटर ती ओलांडू शकत नाही. त्याऐवजी खोक्यावर या सोयींची नावं आहेत का बघा: ॲक्सेस पॉइंट मोड, पीपीपीओई, व्हीलॅन टॅगिंग, मॅक क्लोन, आयपीव्ही६, डब्ल्यूपीए३. पुढे दुसरा डबा जोडून मेश (दोन्हींचं मिळून एकच वाय-फाय) करता येतो का तेही. "एडीएसएल मोडेम राउटर" किंवा सिम घालायचा राउटर चुकून घेऊ नका, दुकानात एकाच रांगेत ठेवलेले असतात.

जोडणी

१. काहीही काढण्याआधी फोटो काढा: ओएनटीच्या मागचं लेबल, कोणती वायर कुठे आहे, आणि जुन्या राउटरच्या सेटिंगमधलं वॅनचं पान. पीपीपीओईचा पासवर्ड तिथे ठिपक्यांत दिसतो, तो ऑपरेटरकडून आधीच लिहून घ्या. रविवारी संध्याकाळी तो मिळत नाही.

२. ओएनटीच्या पहिल्या लॅन पोर्टातून नव्या राउटरच्या वॅन पोर्टात कॅट-६ची पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना क्लिप असलेली तयार लॅन केबल) लावा. पूर्ण तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सीसीए नावाने विकतात, ती वाकवली की आतून तुटते. नवा ओएनटी अजून सुरूच झालेला नसेल, तर फायबर त्यात लाइनमनकडूनच बसवून घ्या.

३. आता पद्धत ठरवा. सगळ्यात सोपी ॲक्सेस पॉइंट मोड: पत्ते वाटायचं काम ओएनटी करतो, तुमचा डबा फक्त चांगलं वाय-फाय देतो. कॅमेरे, पालक-नियंत्रण, पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क असं सगळं स्वतःच्या हातात हवं असेल तर ऑपरेटरला ओएनटी ब्रिज मोडमध्ये (राउटरचं काम बंद, नुसतं मोडेमचं चालू) टाकायला सांगा आणि पीपीपीओई आपल्या राउटरमध्ये भरा. ऑपरेटर ब्रिज देत नसेल तर राउटरमागे राउटरही चालतो, फक्त गेमिंग आणि पोर्ट फॉरवर्डिंगला (बाहेरून घरातल्या उपकरणाला थेट जोडायला) त्रास होतो.

४. राउटरमागे राउटर लावताना दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर सगळे दिवे हिरवे दिसतील आणि एक पान उघडणार नाही. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५०.१ करा. बरेच नवे राउटर हे स्वतःच बदलून घेतात, जुने घेत नाहीत.

५. पीपीपीओई असेल तर एमटीयू (एका वेळी पाठवायच्या डेटाच्या पाकिटाचा आकार) १४९२ ठेवा. जास्त असेल तर गंमत अशी होते की काही साइट उघडतात आणि बँकेची मात्र अर्धवट लटकते. ऑपरेटरने व्हीलॅन क्रमांक दिला असेल तर तोही इथेच.

६. लॅन केबलच्या कनेक्शनवर नवा राउटर लावल्यावर काहीच होत नसेल तर मॅक अडवलेला असतो. ऑपरेटरने जुन्या राउटरचा मॅक नोंदवून ठेवलेला असतो. एकतर फोन करून तो काढायला सांगा, नाहीतर जुन्याच्या लेबलवरचा मॅक नव्याच्या "मॅक क्लोन"मध्ये भरा.

७. ओएनटीचं वाय-फाय बंद करा. दोन्ही चालू ठेवले तर फोन जुन्यालाच चिकटून राहतो आणि "नवा राउटर घेऊन काय फरक पडला?" हा प्रश्न घरात येतो.

८. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, वाय-फायला डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ सुरक्षा ठेवा, डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. मोबाइल नंबर हा वाय-फायचा पासवर्ड ठेवू नका, तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाकडे आहे.

९. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवून चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंधळ तुमच्याकडे येतो. ५ वर रुंदी ८० आणि चॅनल ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१. कॅमेरा किंवा स्मार्ट बल्ब नेटवर्क शोधू शकत नसेल तर तो फक्त २.४ वर चालणारा आहे.

१०. शेवटी लॅपटॉप वायरने जोडून स्पीड टेस्ट करा, आणि तो आकडा तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक तक्रारीत हा पाया आहे.

डबा ठेवायचा कुठे

घराच्या मधोमध, छातीच्या उंचीला, उघड्यावर. टीव्हीमागे नाही, लोखंडी कपाटावर नाही, फ्रिजशेजारी नाही, मोठ्या आरशामागे नाही. पाणी आणि धातू दोन्ही वाय-फाय अडवतात.

भिंत कशाची आहे यावर सगळं आहे. विटांची आतली भिंत ५ गिगाहर्ट्झ एकदोनदा ओलांडतो. आरसीसीची शिअर वॉल (सळ्या घातलेली सलग काँक्रीटची भिंत) त्याला जवळजवळ अडवते, म्हणून नव्या टॉवरांमध्ये शेजारच्या खोलीतही कांड्या कमी होतात. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्यांच्या दीड-दोन फुटी भिंती, आणि जुन्या वाड्यांतल्या दगडी भिंती यांच्यापुढे कोणताही महागडा राउटर हरतो. तिथे मोठा राउटर घेण्याऐवजी दोन मध्यम घ्या आणि त्यांच्यामध्ये वायर टाका.

हे वायरचं मनावर घ्या. प्लगमध्ये खोचायचा रिपीटर (वाय-फाय पुढे ढकलणारा डबा) बहुधा एकाच बँडवर घेतो आणि देतो, म्हणून वेग निम्मा होतो. मेश त्यापेक्षा बरा, पण मागे वायर असेल तर त्याला तोड नाही. घराचं रंगकाम किंवा नूतनीकरण निघालं असेल तर इलेक्ट्रिशियनला हॉलपासून प्रत्येक खोलीत वेगळ्या पाइपातून कॅट-६ टाकायला सांगा. विजेच्या तारांच्या पाइपातून नको, तो धोका आहे. त्या दिवसांत हा खर्च किरकोळ असतो. नंतर भिंत फोडावी लागते.

वीज आणि पाऊस

घरापर्यंत फायबर असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला (एक फायबर अनेक घरांत विभागणाऱ्या डब्याला) वीज लागत नाही. म्हणजे भारनियमनातही तुमचा डबा चालू राहिला तर इंटरनेट सहसा चालू राहतं. त्यासाठी मिनी यूपीएस (राउटरला वीज देणारा छोटा बॅटरीचा डबा) पुरतो, पण खोक्यावरचा आकडा नीट वाचा. ८८०० एमएएच हे ३.७ व्होल्टच्या सेलवर मोजलेलं असतं, १२ व्होल्टवर नाही. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे साडेबत्तीस वॉट-तास, त्यातले साधारण पंधरा टक्के रूपांतरात जातात. ओएनटी आणि राउटर मिळून १४ वॉट ओढत असतील तर दोन तास मिळतील, आठ नाहीत.

विकत घेण्याआधी दोन्ही ॲडाप्टर वाचा. दोन्ही १२ व्होल्टचे असतील, एक १ अँपिअरचा आणि दुसरा दीडचा, तर यूपीएस किमान अडीच-तीन अँपिअर देणारा आणि एका वेळी दोन डबे जोडता येतील असा दोन पिनांचा हवा. ९ व्होल्टचा राउटर १२ वर लावला तर जळू शकतो. पिनेच्या चित्रात मधला ठिपका अधिक आहे ना, तेही बघा.

मे अखेरीस वळवाचे ढग जमले आणि तुमचं कनेक्शन लॅन केबलचं असेल तर वॅनची वायर आणि ॲडाप्टर दोन्ही काढून ठेवा. नुसता प्लग काढून भागत नाही, झटका वायरनेही येतो. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, मात्र तिच्या सोबतची पोलादी तार खिडकीबाहेरच थांबली पाहिजे. लाइनमनला ती तिथेच कापायला सांगा.

बंद पडलं किंवा मंदावलं तर

ओएनटीवर "एलओएस" लाल झाला म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. राउटर दहादा बंद-चालू करून काही होणार नाही. आधी फायबर कुठे चिमटलं आहे का बघा: सोफ्याच्या पायाखाली, खिडकीच्या सरकत्या चौकटीत, किंवा नीटनेटकं दिसावं म्हणून कोणी छोटं वेटोळं केलंय का. वेटोळं वाटीच्या तळापेक्षा लहान नको. हिरवं टोपण काढून डोळ्याजवळ धरू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला घातक ठरू शकतो. टोकाला बोटही लावू नका, बोटाच्या तेलाने प्रकाश अडतो.

लाल दिवा नाही पण सारखं तुटतं, अशा वेळी ओएनटीच्या पानावर "आरएक्स पॉवर", म्हणजे पोहोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २७ च्या खाली गेलं की कनेक्शन अधूनमधून पडणारच. पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवला असेल आणि तो उणे २० वरून उणे २६ झाला असेल, तर वाटेतला जोड खराब झालाय. हा आकडा सांगून तक्रार केली की लाइनमन पॉवर मीटर घेऊन येतो, "रीस्टार्ट करा" सांगून फोन ठेवत नाही.

वायरने वेग पूर्ण आणि वाय-फायवर कमी, तर दोष घरातला. वायरनेही फक्त रात्रीच कमी, तर ऑपरेटरच्या लाइनवर गर्दी. जीपॉनमध्ये साधारण अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि त्यापुढे ऑपरेटरने स्वतः किती घेतलंय त्यावर सगळं अवलंबून असतं. वायरने दिवसरात्र कमी, तर आधी ते ९४ आठवा.

तक्रार केली की तिचा क्रमांक घ्या. वेळेत काम झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे लेखी जा, त्याचा पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो. ट्राय (दूरसंचार नियामक) एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे लिहून वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मात्र जरूर फोन करा.

आणि कधी कनेक्शन बदललंत तर त्यांचा ओएनटी, ॲडाप्टर, सेट-टॉप बॉक्स आणि रिमोट एकत्र ठेवून फोटो काढा, परत देताना सिरियल नंबर लिहिलेली पावती घ्या, आणि अनामत खात्यात येईपर्यंत ती फेकू नका. राउटर मात्र तुमचा आहे, तो काढून नव्या लाइनवर लावा.